हळदीचा पिवळा, पेवातला अंधार : रंगीत पेन्सिलींनी कॉमिक करता येईल का?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी,

मी सांगलीची, एम.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. आमचं मूळ घर हरिपूरचं. आजोबा आयुष्यभर हळदीच्या पेवांवर राबले. पेव ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते : जमिनीत खोल खणलेलं हळद साठवायचं कोठार. तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढं, आत पोट मात्र चांगलं रुंद. हळद भरली की तोंड मातीने लिंपून बंद करायचं. नंतर ते उघडलं तरी लगेच कुणी आत उतरत नसे, कारण कोंडलेल्या हवेत माणूस गुदमरतो. आजोबा आधी दोरीला कंदील बांधून खाली सोडायचे. तो जळत राहिला तरच पुढचं काम.

ही गोष्ट मला कॉमिकमध्ये सांगायची आहे. २४ पानं, ए-५ आकाराची. चित्रं ए-४ कागदावर काढते आहे. आणि मला ती रंगीत पेन्सिलींनीच करायची आहेत. हळदीच्या धुळीने माखलेल्या भिंती, पोती, आजोबांचा सदरा हे सगळं मला त्या खरखरीत रंगातच दिसतं.

पण काही केल्या जमत नाहीये :

१. स्कॅन केलं की पिवळा गायब. कागदावर छान भरलेली हळद पडद्यावर पांढरी दिसते. सध्या मोबाइलवरचं कागदपत्रं स्कॅन करायचं ॲप वापरते.

२. आधी काळ्या पेनाने रेषा काढून मग रंग भरते. रंग रेषेवर गेला की काळी रेषा राखाडी आणि मळकट होते.

३. पेवाच्या आतला अंधार. काळी पेन्सिल कितीही दाबून घासली तरी चकचकीत राखाडी होते आणि मध्ये कागदाचे पांढरे ठिपके दिसत राहतात.

माझ्याकडे शाळेच्या वेळचा ४८ रंगांचा डबा आहे. पूर्ण पुस्तक असं करणं शक्य आहे का, की मी उगाच हट्ट धरून बसले आहे?

शार्पनर

ताई, गोष्ट फार सुंदर आहे, जरूर करा. पण २४ पानं पेन्सिलीने म्हणजे खूप वेळ जाईल. टॅब्लेटवर पेन्सिलीचा पोत देणारे ब्रश मिळतात. चुकलं तर मागे जाता येतं, पिवळा उडत नाही, स्कॅनिंगची भानगड नाही. मी माझ्या भाचीच्या गोष्टीचं पुस्तक तसंच केलं. उसना टॅब मिळत असेल तर एक पान करून बघा आणि मग ठरवा.

गेरू

कृष्णाकाठ, हट्ट धर. मी चिपळूणची, शाळेत चित्रकला शिकवायचे, आता निवृत्त आहे. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षांना मुलं बसवण्यात माझी नोकरी गेली आणि रंगीत पेन्सिल हे माझं सगळ्यात लाडकं माध्यम. शार्पनर म्हणतात ते खोटं नाही, टॅबवर काम लवकर होतं. पण तुझ्या गोष्टीतली मुख्य गोष्टच अंधारात जाणारा उजेड आहे, आणि तो पेन्सिलीने थरावर थर देत उभा करण्यात जी मजा आहे ती मी तुला सोडू देणार नाही.

शक्य आहे का, याचं उत्तर आधी देते. रेमंड ब्रिग्ज या इंग्रज चित्रकाराचं 'द स्नोमॅन' हे पुस्तक १९७८ साली आलं. चौकटींमध्ये सांगितलेली अख्खी गोष्ट, एकही शब्द नाही, आणि सगळं काम रंगीत पेन्सिलींचं. त्यात काळ्या पेनाची बाह्यरेषा नाही. आकार रंगाच्याच कडांनी उभे राहतात. पुढे १९८२ मध्ये त्याची ॲनिमेशन फिल्म झाली तेव्हाही पेन्सिलीचा तो मऊ पोत त्यांनी धडपडून राखला. म्हणजे हा रस्ता मळलेला आहे.

यातच तुझ्या दुसऱ्या अडचणीचं उत्तर आहे. पेन्सिलीचा रंग मेणात किंवा तेलात बांधलेला असतो. फिका रंग काळ्या रेषेवरून फिरला की त्याचा पातळ पडदा रेषेवर बसतो, म्हणून ती राखाडी दिसते. वरून पुन्हा पेन फिरवायला जाशील तर मेणावर शाई धरत नाही आणि पेनाचं टोकही तुंबतं. माझं स्पष्ट मत : या पुस्तकातून काळं पेन काढूनच टाक. बाह्यरेषा गडद तपकिरी पेन्सिलीने, टोक अगदी अणकुचीदार ठेवून, रंग भरून झाल्यावर सगळ्यात शेवटी काढ. तीही सगळीकडे नको. चेहरा, हाताची बोटं, दोरी, कंदिलाची कडी, जिथे वाचकाची नजर थांबायला हवी तिथेच. पोत्यांना आणि मातीला रेषा लागतच नाही.

आणखी एक. कच्चं रेखाटन तू शिशाच्या पेन्सिलीने करत असशील. पिवळ्याखाली शिसं राहिलं की पिवळा शेवाळी, मळका होतो. तुझ्या पुस्तकात तर पानोपानी पिवळा. पूर्वीचे कॉमिकवाले फिक्या निळ्या पेन्सिलीने कच्चं काम करायचे, कारण छपाईच्या कॅमेऱ्याच्या फिल्मला तो निळा दिसायचाच नाही, खोडायची गरज पडायची नाही. पण ते काळ्या-पांढऱ्या कामापुरतं. रंगीत स्कॅनमध्ये निळा लख्ख दिसतो. तू फिक्या मातकट पिवळ्या पेन्सिलीने, म्हणजे ऑकरने, हलक्या हाताने रेखाटन कर. ते रंगातच विरून जाईल.

आता पेव.

काळी पेन्सिल बाजूला ठेव. अंधार काळ्या पेन्सिलीने होत नाही. गडद निळा, म्हणजे इंडिगो, आणि गडद तपकिरी, म्हणजे सेपिया, असे दोन रंग हवेत, आणि जोडीला एखादा गडद लाल. पहिला थर इंडिगोचा, इतक्या हलक्या हाताने की कागदाचा पोत स्पष्ट दिसत राहील. दुसरा सेपियाचा, पहिल्याच्या आडव्या दिशेने. मग गडद लाल, तिरका. मग पुन्हा इंडिगो. दर थराला दिशा बदलली की पेन्सिल वेगवेगळ्या खाचांमध्ये शिरते आणि तुझे ते पांढरे ठिपके आपोआप भरत जातात. दाब फक्त शेवटच्या थराला. पहिल्याच फटक्यात दाबून घासलंस की मेणाने कागदाचा दाणा गुळगुळीत होतो आणि पुढचा रंग वरून घसरायला लागतो. तुझी चकचकीत राखाडी तिथूनच येते.

कंदील त्या आधी. पेन्सिलीत उजेड नंतर आणता येत नाही, तो आधी राखून ठेवावा लागतो. कंदिलाच्या काचेच्या मधोमध कागद कोरा सोड, ज्वारीच्या दाण्याएवढा. त्याच्याभोवती लिंबू पिवळा, मग हळदी पिवळा, मग नारिंगी, मग विटकरी तपकिरी, आणि त्याच्या बाहेर अंधाराचे थर. हा विटकरी पट्टा गाळू नकोस. पिवळ्याला थेट इंडिगो भिडला की तिथे हिरवा होतो आणि कंदील आजारी दिसायला लागतो. मध्ये लालसर तपकिरी असेल तर उजेड अंधारात नीट विरघळतो. आणि पिवळी पेन्सिल गडद भागाला लागली की टोकावर तो रंग चिकटतो. दरवेळी रद्दी कागदावर टोक पुसूनच पुढचा हात मार.

चौकटीबद्दल न विचारता सांगते. पेवाचा आकार पाहता पानभर उंचीची एक अरुंद उभी चौकट कर. वर उजेडाचं तोंड, आजोबांचे दोन हात, खाली जाणारी दोरी. वाचकाची नजर दोरीबरोबर खाली उतरेल. शेजारच्या छोट्या चौकटींत फक्त कंदील, आणि प्रत्येक चौकटीत उजेडाचं वर्तुळ थोडं लहान. विझला की नाही हे कळायला वाचकाला पान उलटावं लागू दे.

साहित्य : शाळेचा डबा फेकू नकोस. त्यातल्या पेन्सिलींमध्ये मेण आणि भर जास्त, रंगद्रव्य कमी, त्यामुळे गडद काम होत नाही, पण आकाश, कपडे, भिंती यांना त्या चालतात. चांगल्या प्रतीच्या फक्त चार-पाच पेन्सिली सुट्या घे. मी फॅबर-कॅसलच्या पॉलिक्रोमॉस वापरते. त्या तेलातल्या आहेत, टोक टिकतं, बारीक चौकटींना बऱ्या. गडद इंडिगो १५७ आणि गडद सेपिया १७५ या दोन घेच, एक उबदार पिवळी आणि एक विटकरी. शंभराच्या वर रंगांचा संच घ्यायची काहीही गरज नाही. प्रिझ्माकलर मेणातल्या आणि लोण्यासारख्या मऊ, मोठ्या चित्राला सुरेख, पण छोट्या चौकटीत टोक सारखं बोथट होतं. आणि कुठलीही पेन्सिल फरशीवर पाडू नका. आतलं शिसं तुकड्यातुकड्यांत मोडतं आणि मग गिरमिटात घातलं की टोक गळतच राहतं.

कागद साधारण २०० जीएसएमच्या पुढचा, म्हणजे जाडसर, गुळगुळीत पण आरशासारखा नव्हे. हँडमेड घेऊ नकोस, त्याच्या खड्ड्यांत आजोबांचे डोळे हरवतील.

कृष्णाकाठ

बाई, तुमचा प्रतिसाद वाचून लगेच एक कंदील करून पाहिला. विटकरी पट्ट्याने खरंच फरक पडला! आधीच्या कंदिलाभोवती हिरवट कडा का येते हे मला कळतच नव्हतं.

अजून दोन शंका. गोष्टीच्या शेवटी २०१९चा पूर आहे. पाणी पेवांपर्यंत आलं होतं. पाऊस आणि पुराचं पाणी मी निळं रंगवलं तर ते तळ्यासारखं शांत दिसतंय. आणि संवादाचे फुगे आधी करायचे की नंतर?

आणि वेळेचं काय करावं? एका चौकटीला संध्याकाळ जाते.

छापखान्यातला

मी पुण्यात छपाईच्या धंद्यात आहे. मॅडमनी चित्राचं सांगितलंय, मी पहिल्या प्रश्नाचं बघतो, कारण असे हळदीचे कागद आमच्याकडे पांढरे होऊन येतात आणि शिव्या मशीनला बसतात.

ताई, ते ॲप आधी बंद करा. कागदपत्रांच्या ॲपचं कामच मुळी पार्श्वभूमी पांढरी करून अक्षरं काळी करणं. फिका पिवळा त्याला कागदाचा डाग वाटतो, तो धुऊन टाकतं. फ्लॅटबेड स्कॅनर शोधा, कॉलेजात किंवा एखाद्या फोटो स्टुडिओत असतो. त्यातलं ऑटो करेक्शन, ऑटो एक्स्पोजर, डस्ट रिमूव्हल, शार्पनिंग सगळं बंद. ६०० डीपीआय (म्हणजे इंचाला ६०० ठिपके), रंगीत, फाइल टिफ. जेपेग करू नका, पेन्सिलीच्या दाण्यात चौकोनी डाग पडतात. ए-४ चं ए-५ करताना चित्र ७१ टक्क्यांवर येतं, त्यामुळे छपाईला ३०० चा स्कॅनसुद्धा पुरला असता, पण मूळ चित्राची नीट प्रत एकदाच करून ठेवलेली बरी.

स्कॅननंतरही पिवळा फिका वाटला तर सगळं चित्र गडद करू नका. पडद्यावर पिवळा म्हणजे लाल-हिरवा उजेड पूर्ण आणि निळा कमी. म्हणून फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरमधल्या कर्व्ह्जमध्ये फक्त निळा चॅनेल मधल्या-फिक्या भागात जरासा खाली ओढा. पिवळा परत येतो, बाकीचे रंग फारसे हलत नाहीत. कागदाचा कोपरा मात्र बघत राहा, तोही पिवळा पडायला लागला की थांबा.

चांगली बातमी अशी की छपाईच्या चार शायांत पिवळी स्वतंत्र शाई आहे, त्यामुळे तुमची हळद छापून मस्त येईल. मार खातात ते भडक जांभळे, मोरपंखी आणि फ्लोरोसंट रंग. ते कागदावर कितीही चमकले तरी छापून मंद होतात.

पेवाच्या अंधाराची काळजी घ्या. गडद भागात चारही शाया एकावर एक बसल्या की ओला थर वाळत नाही, पाठच्या पानाला लागतो. प्रत्येक शाई पूर्ण म्हणजे १०० टक्के धरून चारही शायांची बेरीज ३०० टक्क्यांच्या आत ठेवा, आणि मॅपलिथोवर, म्हणजे चकाकी नसलेल्या साध्या कागदावर, छापणार असाल तर अजून खाली. मॅपलिथो शाई पितो, अंधार आणखी गडद होतो, म्हणून स्कॅनमध्ये तो भाग थोडा उघडा ठेवा. तरीही पेन्सिलीच्या चित्राला मी मॅपलिथोच सुचवेन. चकचकीत आर्ट पेपरवर पेन्सिलीचा पोत परका वाटतो.

फुग्यांबद्दल : अक्षरं चित्रावर लिहू नका. चित्राबरोबर स्कॅन झालेलं काळं अक्षर चार शायांत फुटतं आणि रजिस्टर, म्हणजे शाया एकमेकींवर बसण्याची जागा, केसभर जरी हललं तरी अक्षरांना लाल-निळी किनार येते. अक्षरं वेगळ्या कागदावर, वेगळा काळा-पांढरा स्कॅन, फक्त काळ्या शाईत. २४ पानं चारच्या पटीत आहेत, सेंटर पिनला बरोबर बसतात. शे-दोनशे प्रतींना ऑफसेट परवडणार नाही, डिजिटल करा. आणि सगळी छापण्याआधी पेवाच्या पानाचा एक प्रूफ त्याच मशीनवर, त्याच कागदावर मागा. नाही म्हणाले तर दुसरीकडे जा.

शार्पनर

माझा आधीचा सल्ला बाजूला ठेवा ताई. हे सगळं वाचून मलाच डबा बाहेर काढावासा वाटतोय. गेरू मॅडम, पावसाचं सांगाच.

गेरू

छापखान्यातले दादा म्हणतात ते अक्षरांचं पूर्ण मान्य. फक्त एक विनंती, कृष्णाकाठ : वेगळ्या कागदावर लिही, पण हातानेच लिही. चित्र हाताचं आणि अक्षर संगणकाचं असलं की फुगा पानावर चिकटवल्यासारखा दिसतो. चित्रावर ट्रेसिंग पेपर ठेवून त्यावर लिहिलंस की जागेचा अंदाज बरोबर येतो. देवनागरीला ओळींमध्ये जास्त जागा लागते हे मोजून ठेव. वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार. रोमन अक्षरांचे फुगे पाहून अंतर घेतलंस तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत अडकतो. म्हणून क्रम असा : आधी संवाद लिहून बघायचे, त्यावरून फुग्याची जागा ठरवायची, तेवढा कागद कोरा राखायचा, आणि मग रंग. आजोबांची बोली हरिपूरचीच ठेव. ते "काय करतोस" म्हणत असतील की "काय करालायस", ते तुझ्या कानात असेल तसं लिही.

आता पूर. २०२१च्या जुलैत वाशिष्ठीचं पाणी आमच्या चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं. ते पाणी मी पाहिलं आहे, आणि तुला कळकळीने सांगते, पुराच्या पाण्यात निळा शोधू नकोस. ते पाणी आकाश दाखवत नाही, माती दाखवतं. आमचं जांभ्याचं, म्हणून तांबूस. तुमच्याकडची माती काळी, तेव्हा कृष्णेचं पाणी राखाडी-तपकिरी दिसलं असेल. तू पाहिलं आहेस, तूच आठव. आधी फिका ऑकर सगळीकडे, त्यावर राखाडीसर तपकिरी, आणि हात आडवा, पाणी वाहतं त्याच दिशेने. पाणी आणि आकाश यांच्या रंगात फार फरक ठेवू नकोस. पुराच्या दिवशी आभाळही तसंच मळकं असतं. चौकटीत एकच गोष्ट स्वच्छ रंगाची असू दे, आणि ती पिवळी. पाण्यावर पसरत जाणारी हळद. त्या एका पिवळ्यासाठी बाकी सगळं पान दबलेलं हवं.

पाऊस रंगवायचा नाही, कोरायचा. संपलेलं बॉलपेन घे, ज्यात थेंबभरही शाई उरलेली नाही. कोऱ्या कागदाखाली वर्तमानपत्राच्या दोन-चार घड्या ठेव आणि पावसाच्या तिरक्या रेषा त्या पेनाने दाबून ओढ. कागदावर काही दिसणार नाही, फक्त बारीक चर पडतील. मग पेन्सिल आडवी धरून वरून रंग भर. रंग उंचवट्यावर बसतो, चरात उतरत नाही, आणि पांढरा पाऊस एकेक रेषेने वर यायला लागतो. पेन्सिलीचं टोक मात्र बोथट हवं, अणकुचीदार टोक चरात शिरतं. दाब चुकला तर कागद फाटतो, म्हणून आधी तुकड्यावर हात बसव. याच रीतीने आजोबांच्या पांढऱ्या मिश्या, पोत्याच्या सुतळीची वीण आणि कंदिलाची दोरीही काढता येते. एकदा हे जमलं की पांढऱ्या पेन्सिलीची फारशी आठवण येत नाही.

वेळेबद्दल. सगळ्या चौकटी सारख्याच घट्ट रंगवल्या तर वेळही जातो आणि वाचकही थकतो. दर पानावर एकच चौकट पूर्ण थरांची, बाकीच्यांत दोन-तीन रंग आणि भरपूर कोरा कागद. लोक बोलत उभे आहेत अशा चौकटीत पार्श्वभूमी हवीच कशाला? पेवाच्या दोन पानांना मात्र हात आखडता घेऊ नकोस, तिथे संध्याकाळ गेली तर जाऊ दे. दुसरं, एकेक पान पूर्ण करत जाऊ नकोस. आजोबांचा सदरा सगळ्या पानांवर एका बैठकीत, पोती दुसऱ्या बैठकीत. त्वचेला कुठल्या पेन्सिली, कुठल्या क्रमाने, हे जाड कागदाच्या पट्टीवर नमुन्यासकट लिहून समोर लावून ठेव. नाहीतर पाचव्या पानावरचे आजोबा पहिल्या पानापेक्षा गोरे होतात.

पावसाळ्यात काम चालू असेल तर कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेव. कोकणात हे मी सक्तीने करते. दमट कागदाचे तंतू पेन्सिलीखाली उसवतात.

कृष्णाकाठ

बाई, दादा, शार्पनर, तिघांचेही मनापासून आभार. कॉलेजच्या ग्रंथालयात फ्लॅटबेड सापडला, ग्रंथपाल सर शनिवारी वापरू देतो म्हणालेत. मोरपंखी लुगडं मी आजीला नेसवलं होतं, ते आता कुंकवाच्या रंगाचं करते.

शेवटची एक शंका. पेवाचं जे पान मी आधी जुन्या मेणाच्या पेन्सिलींनी केलं होतं, त्याच्या गडद भागावर आता पांढुरकी साय आल्यासारखी दिसते. बुरशी आहे का?

गेरू

बुरशी नाही, मेण आहे. दाट थर दिला की मेण हळूहळू वर येऊन बसतं. मऊ सुती कापडाने हलकेच, गोल न घासता एकाच दिशेने पूस, मूळ रंग परत दिसेल. पुसलंस की त्याच दिवशी स्कॅन कर, नाहीतर ती साय पुन्हा येऊ शकते. स्कॅन झाल्यावर मूळ चित्रावर फिक्सेटिव्हचे, म्हणजे रंग पक्का करणाऱ्या स्प्रेचे, दोन पातळ फवारे मार, खिडकी उघडी ठेवून. आणि स्कॅनरची काच प्रत्येक पानानंतर पूस, पेन्सिलीचा भुगा तिच्यावर बसतो आणि पुढच्या पानावर ठिपके होऊन उमटतो.

लुगडं कुंकवाचं करते आहेस ते छान, पण त्याचे काठ हळदी ठेव.